‘मोठी झाली की जाईल’: डोळखांब ते मुरबाड

नाशिकहून शहापूर तसं काही लांब नाही. सकाळची एसटी धरली, कसारा घाट उतरला की हवा बदलते, अंगावरचं स्वेटर नकोसं होतं आणि जेवणाच्या वेळेच्या आत माणूस शहापुरात पोचतो. एवढं अंतर यायला मला पाच वर्षं लागली.

मी डोळे तपासते. डॉक्टर नाही. नंबर काढणं, चष्मा देणं आणि ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याला वेळेत डॉक्टरकडे पाठवणं, हे माझं काम. पाच वर्षांपूर्वी मी कल्याणला नोकरी करत होते आणि सुट्टीच्या दिवशी शिबिरांना जात होते. असंच एक शिबिर डोळखांबच्या एका शाळेत झालं. दिवसभर म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू बघून पाठ मोडली होती. सामान बॅगेत भरून झालं होतं. बाहेर सगळे फोटोसाठी उभे राहिले होते आणि मला हाका मारत होते. तेवढ्यात एक तरुण बाई दारात आली. कडेवर सात महिन्यांची मुलगी. ती वरच्या पाड्यावरून चालत आली होती, म्हणून उशीर झाला होता. ती म्हणाली, हिचे डोळे नाचतात, आणि एक डोळा नाकाकडे जातो.

मी बॅग उघडली नाही. बाळाकडे उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हटलं, “लहान बाळांचे असतातच तसे. मोठी झाली की जाईल.” आणि फोटोला गेले.

हे अर्धं खरं होतं, म्हणून जास्त वाईट होतं. पहिले तीन-चार महिने बाळाची नजर कधीमधी आत जाते आणि आपोआप सरळ होते. पण सात महिन्यांच्या बाळाचा डोळा कायम आत असेल आणि बुबुळं स्वतःहून थरथरत असतील, तर ते तपासावंच लागतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलेलं होतं.

मग गेल्या पावसाळ्यात माझ्या नाशिकच्या दवाखान्यात आठ महिन्यांचं एक बाळ आलं. तेच दुखणं. डॉक्टरांनी तपासलं आणि मी त्याला बोटभर चष्मा बसवला. बाळानं आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि हसलं. दवाखान्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. ती दारातली बाई, तिच्या पायांना लागलेली धूळ, सगळं समोर आलं. तरीही निघायला मला जानेवारी उजाडला.

शहापूर

हायवेजवळच्या एका लॉजमध्ये उतरले. मालकानं विचारलं, मॅडम, माहुलीचा किल्ला चढायला आलात का? मी हो म्हणाले. पुढच्या चार दिवसांतलं हे माझं पहिलं खोटं, आणि ते किती सहज निघालं याचं मलाच नवल वाटलं.

जुनी वही माझ्याकडे होती. तिच्यात त्या दिवशीची नावं होती, पण जिला तपासलंच नाही तिचं नाव कुठून असणार? शेवटच्या पानावर मी स्वतःच्या समाधानासाठी एक ओळ खरडली होती: ‘बेबी, ७ म., बोरीचा पाडा, नॉर्मल’. ‘नॉर्मल’ हा शब्द मी एसटीत तीनदा वाचला.

रात्री खाणावळीत तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. आमच्याकडची बाजरीची भाकरी हातात घेतली की वजन कळतं. ही पांढरी, मऊ, पापुद्र्यासारखी. वाढणारी बाई म्हणाली, अजून घ्या, तुम्ही काहीच जेवला नाहीत. खरंच जेवण जात नव्हतं.

डोळखांबच्या वर

दुसऱ्या दिवशी जीपनं डोळखांबला पोचले. तिथल्या आशा कार्यकर्तीला, रंजनाला, फोन करून ठेवला होता. रंजना तिशीची, बोलायला चटपटीत, खांद्याला पिशवी, पायात बूट. ती म्हणाली, “तुमी सर्वेच्या का?” मी म्हटलं, हो, लहान मुलांच्या डोळ्यांचा सर्वे आहे. हे दुसरं खोटं.

पाड्याची वाट भाताच्या कापलेल्या खाचरांमधून वर चढते. ओढा ओलांडताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रंजनानं कुंपणातली एक वेल तोडली, चप्पल माझ्या पायाला बांधून दिली आणि हसली. पुढची वाट मी पाय ओढत चालले. ती दारातली बाई सात महिन्यांचं मूल कडेवर घेऊन हीच वाट उतरली होती आणि त्याच दिवशी पुन्हा चढली होती, एवढंच डोक्यात होतं.

पाड्यावर निम्मी घरं बंद होती. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात. एका घरापुढे म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. तिचं नाव भागीबाई. रंजना म्हणाली, डोळे नाचणारी मुलगी हिचीच नात, निकिता. सुनेचं नाव सोमी. सगळी मुरबाडकडे म्हसा रस्त्याच्या भट्टीवर गेलेली.

भागीबाईनं मला पाटावर बसवलं, उकडलेले करांदे पुढे ठेवले. करांदा मी पहिल्यांदाच खाल्ला. बटाट्यासारखा, पण मागून कडवट चव येणारा. मी नातीचं विचारलं. ती सूप खाली न ठेवता बोलत राहिली. पोटुशी असताना सुनेनं गिर्‍हाण पाळलं नाही, ग्रहण लागलेलं असताना इळा घेऊन रानात गेली, म्हणून पोरीचे डोळे तसे झाले. भगताला दाखवलं, नारळ दिला. पण सून ऐकत नाही. ती उलट बोलते, की डॉक्टरीण बाई बोलली, मोठी झाली की जाईल.

“कुठली डॉक्टरीण?” रंजनानं विचारलं.

“शाळंत आलेली. मला काय म्हाईत,” भागीबाई म्हणाली. “पाच वर्सं झाली. पोर मोठी झाली. कुठं गेलं?”

मी करांदा सोलत राहिले. त्या क्षणी बोलायला हवं होतं. रंजना समोर होती, म्हातारी समोर होती, उन्हं चांगली होती, कोणी ओरडलं नसतं. मी फक्त भट्टीचा पत्ता लिहून घेतला आणि वहीत ‘सर्वे’ असं मोठ्या अक्षरात लिहिल्यासारखं केलं.

म्हसा रस्ता

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला गेले. म्हशाची जत्रा नुकतीच उठली होती. रस्त्यानं अजून बैल विकत घेतलेले लोक चालत होते, बैलांच्या शिंगांना नवा रंग, टेम्पोत घोंगड्यांचे गठ्ठे. दुसरी कुठली वेळ असती तर मी उतरून तासभर रेंगाळले असते.

भट्टी रस्त्यापासून आत, नदीच्या वळणावर होती. कच्च्या विटांच्या लांब रांगा, शेवटाला विटाच रचून वर पेंढा टाकलेल्या झोपड्या, त्यांत वाकूनच शिरायचं. मुकादमाला सांगून आत गेले. सोमी उकिडवी बसून विटा थापत होती. साच्यात चिखल भरायचा, हाताच्या कडेनं वरचा काढायचा, साचा पालथा करायचा. मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही.

निकिता रांगेच्या टोकाला बसली होती. तिला पाहिलं आणि माझ्या धंद्यातलं मला सगळं दुरूनच कळलं. ती मान एका बाजूला वळवून बघत होती. डोळे थरथरणारी मुलं अशी मान वळवतात, कारण त्या एका कोनात थरथर कमी होते आणि जरा स्थिर दिसतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिनं स्वतःच शोधलं होतं. डावा डोळा पार नाकाजवळ गेला होता. चालताना ती विटांच्या रांगेला हात लावत चालली. एका पोरानं तिला हाक मारली ती नावानं नाही, ‘ए चकने’ अशी. तिनं ओ दिली.

मी सोमीला म्हटलं, मी डोळे तपासते, हिचे बघू का? ती म्हणाली, बघा. मी बाहुली मोठी करायचे थेंब घातले. त्यानंतर पाऊण तास थांबावं लागतं. सोमीनं तोवर मला जेवायला बसवलं. नाचणीची भाकर, खुरासणीची चटणी, आणि पेल्यातून कोरा चहा. जेवताना तिनं पोरीचं सांगितलं. अंगणवाडीत बसते, पण चित्रं नाकाला लावून बघते. आता शाळेत घालायची तर बाई म्हणतात, हिला फळा दिसायचा नाय. चेंडू पकडता येत नाय म्हणून पोरं खेळायला घेत नायत. सांगताना ती रडत नव्हती. रोजची गोष्ट सांगावी तसं सांगत होती.

झोपडीच्या अंधारात मी प्रकाश टाकून नंबर काढला. जवळचं बघताना डोळ्यांना फार जोर लावावा लागतो असा मोठा नंबर, दोन्ही डोळ्यांना. त्या जोरापायी डोळा आत वळत होता, आणि वापरच नसल्यामुळे डावा डोळा मंद पडत चालला होता. मी पेटीतली भिंगं काढून फ्रेममध्ये बसवली, फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि तिला उजेडात आणलं.

डोळा हळूहळू बाहेर आला. पुरता नाही, पण नाकापासून सुटला. थरथर तशीच राहिली, ती चष्म्यानं जाणारी नव्हती. निकितानं आईकडे पाहिलं, मग आईच्या कानातल्या बारीक फुलाला बोट लावलं आणि विचारलं, “आये, ह्ये कवा घातलंस?”

सोमीनं कानाला हात लावला. ती फुलं तिच्या लग्नातली होती.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “म्याडम, ह्यो चष्मा ही लहान असतानी देता आला असता?”

“हो.”

“किती लहान?”

“सात महिन्यांची असतानाही,” मी म्हणाले. “सोमी, डोळखांबच्या शाळेत तुम्ही हिला घेऊन आला होतात. ती मीच होते. मी हिला तपासलं नाही. न तपासता बोलले.”

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, हाताचा चिखल लुगड्याला पुसला आणि विटांच्या रांगा ओलांडून पलीकडे गेली. मी तिथेच बसून राहिले. निकिता फ्रेममधून स्वतःची बोटं बघत होती.

सोमी परत आली ती एका पोरसवदा बाईला हाताला धरून. त्या बाईचं नाव कमळी, शेजारच्या पाड्यावरची, कडेवर चार महिन्यांचा मुलगा.

“ह्याचे पन डोले नाचतात,” सोमी म्हणाली. “ही दवाखान्यात जायाची व्हती. मी तिला अडवलं. बोलले, डॉक्टरीण बोलली हाय, मोठं झालं का जातं. तुमचंच बोलनं मी तिला सांगितलं. आता ह्याचं बघा.”

आजवर मला वाटत होतं, माझी चूक एका मुलीपुरती आहे. ती चूक पाच वर्षं चालत फिरत होती, एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत, मोठ्या भरवशानं.

बाळाच्या डोळ्यांत प्रकाश टाकला. निरोगी डोळ्यात आतून लालसर चमक परत येते. इथे दोन्हीकडे काही आलं नाही. बाहुलीच्या मागे दुधासारखा पांढरा ठिपका होता. जन्मतःचा मोतीबिंदू. याला चष्मा पुरत नाही, ऑपरेशन लागतं, आणि जितके दिवस जातात तितकी नजर हातची जाते. मी कमळीला हे सगळं दोनदा सांगितलं. तिनं मला एकच विचारलं, उद्या जायाचं का आज?

ठाणे

आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. मी, कमळी आणि तिचं बाळ, सोमी आणि निकिता. मुकादमानं आधी नाही म्हटलं. मग मी त्याला बाळाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका बॅटरी लावून दाखवला, तेव्हा तो गप्प झाला आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

मोठ्या सरकारी रुग्णालयात रांग लागली होती. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बाळाला तपासलं, म्हणाल्या, आणखी दोन महिने लवकर यायला हवं होतं, पण आलात हे बरं झालं. आधी का आला नाहीत, असं त्यांनी कमळीला रागानं विचारलं. कमळी खाली बघत राहिली. मी पुढे होऊन म्हटलं, त्यांची चूक नाही, त्यांना चुकीचं सांगितलं गेलं होतं. सांगणारी कोण, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. सोमीनं माझ्याकडे पाहिलं. मग मी तेही सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं, आणि पुन्हा चालू झालं. आमच्या धंद्यातल्या माणसाचं असं थांबणं किती लागतं, ते मला तिथे कळलं.

बाळाची दोन्ही ऑपरेशनं पुढे एकामागून एक झाली. आता तो जाड भिंगांचा चष्मा लावतो आणि आईच्या हाताकडे बघून झेप घेतो. डोळे थोडे थरथरतात, ते राहील. निकिताच्या उजव्या डोळ्यावर दिवसाचे काही तास पट्टी लावायची, म्हणजे मंद पडलेल्या डाव्या डोळ्याला काम करावं लागतं. डाव्या डोळ्यात थोडी सुधारणा आहे. पुरती होणार नाही. तो वेळ निघून गेला, आणि तो कोणी घालवला हे मला माहीत आहे. पहिल्या बाकावरून मात्र तिला फळा दिसतो.

ठाण्याला गेलो त्याच संध्याकाळी कमळीला बाळाबरोबर दाखल करून आम्ही परत निघालो. निकिता आईच्या मांडीवर झोपली. तेव्हा सोमी बोलली. सासू तिला रोज बोलायची, की तुझ्या पापानं पोर अशी झाली. जेवताना, पाणी भरताना, चारचौघींत. तिनं एकच गोष्ट धरून ठेवली होती. डॉक्टरीण बोलली हाय, ह्ये जानार. ते वाक्य ती रोज म्हणायची, मनातल्या मनात, आणि कधी मोठ्यानं.

“आता त्ये पन खोटं निघालं,” ती म्हणाली. “तुमी एक करा. माझ्या सासूला जाऊन सांगा. गिर्‍हानानं नाय झालं. मी सांगून तिला पटायचं नाय.”

मला उद्या नाशिकला जाऊन दवाखाना उघडायचा आहे, अशी सबब क्षणभर माझ्या मनात आली. हेही लिहून टाकते.

पुन्हा डोळखांब

या खेपेला पायात बूट होते. रंजनाला बरोबर घेतलं आणि वाटेतच तिला सांगून टाकलं, की सर्वे वगैरे काही नव्हता. ती थोडा वेळ पुढे पुढे चालली. ओढ्यापाशी मात्र हात दिला.

भागीबाई घरापुढेच होती. शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या होत्या. त्या उठून जातील म्हणून मी थांबले, मग आठवलं की सोमीला बोलणी चारचौघींतच बसत होती. मी उभ्यानंच सांगितलं. मुलीचे डोळे ग्रहणामुळे असे झाले नाहीत. सुनेनं काहीच चुकीचं केलं नाही. तिनं पोरीला वेळेवर दाखवलं होतं, एवढी वाट चालून दाखवलं होतं. जिनं बघायला हवं होतं तिनं बघितलं नाही. तुम्ही जिला डॉक्टरीण म्हणता ती मी. आणि मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. निकिता, डोळ्यावर चष्मा, डोळा बराचसा सरळ.

भागीबाईनं फोटो दोन्ही हातांत धरला, लांब धरला, जवळ धरला. शेजारणी आपसांत कुजबुजल्या. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी होते.

ती म्हणाली, “मंग पाच वर्सं मी तिला बोलले, त्याचं काय?”

म्हातारीनं मोबाइल परत दिला, घरात गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती दुसरं लुगडं नेसून, हातात फडक्यात बांधलेली नाचणी. दाराला कडी लावली आणि मला विचारलं, मुरबाडची गाडी कवा हाय.

जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो. किन्हवली गेलं तरी ती गाठोडं मांडीवर घट्ट धरून समोर बघत होती. मग एकदम माझ्याकडे वळली.

“बाय, तू सोमीला सांगितलंस, तवा सुरू कसं केलंस?”

मी आठवून सांगितलं. “मी म्हटलं, ती मीच होते.”

तिनं मान हलवली. सरळगाव येईपर्यंत तिचे ओठ हलत होते. वाकून ऐकलं तर ती हळू आवाजात तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.